लांबलेलं आमेन

तीन शनिवार द्या, पोरीला नोकरीला लावून दाखवतो, असं मेस्त्रींनी पाळकसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस, त्यांचा शब्द आजवर कुठे गळला नव्हता. चर्चने वस्तीतल्या गरीब मुलामुलींना एकेक वडीलधारं माणूस जोडून दिलं होतं आणि मेस्त्रींच्या वाट्याला टकळी नावाची पोर आली होती.

टकळी हातांनी हुशार, तोंडाने त्याहून. मालकाचं बोलणं मध्येच तोडून तिने दोन ठिकाणची कामं घालवली होती. आता काम मिळालं नाही तर आई तिला मामाची पोरं सांभाळायला पाठवणार होती. मामाला पोरं तीन, तिन्ही चावरी. म्हणून नळाच्या आधी मेस्त्रींनी तिच्याकडून एकच धडा घोटून घेतला: मोठं माणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. प्रार्थनेत तर मुळीच नाही. आमेन होईपर्यंत डोळेही बंद आणि तोंडही.

तिसऱ्या शनिवारी परीक्षा होती. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदाचा बाहेरच्या बाजूचा व्हॉल्व्ह गळत होता, तो टकळीने एकटीने बदलला. दहा वाजता मेस्त्रींच्या ओळखीचा कंत्राटदार येणार, भरलेला हौद बघणार आणि व्हॉल्व्ह गळला नाही तर तिला सोमवारपासून कामावर घेणार, असं ठरलं होतं. तिने हौदात पाणी सोडलं.

"आता प्रार्थना करू," मेस्त्री म्हणाले.

पूर्वी मेस्त्रींची प्रार्थना लांबली की बायको कोपराने ढोसायची, मग आमेन यायचं. तिला जाऊन वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून प्रार्थनेला थांबाच उरला नव्हता. त्यांनी पोरीपासून सुरुवात केली, तिच्या आईवर आले, मामासाठी क्षमा मागितली, आजारी आणि प्रवासी उरकले आणि मग चाळीस वर्षांतली गिऱ्हाइकं घरवार घ्यायला लागले.

तेवढ्यात कंत्राटदार आला. हा काही चर्चला जाणारा माणूस नव्हे. दोघांचे डोळे मिटलेले बघून त्यानेही टोपी काढली आणि डोळे मिटून शेजारी उभा राहिला. पावलं ऐकून मेस्त्रींनी त्याच्या धंद्यालाही आशीर्वाद मागितला, सविस्तर.

हौद भरला. काठावरून पाणी सांडायला लागलं. टकळीच्या टाचा भिजल्या. तिला धडा आठवला आणि तिने ओठ आणखी घट्ट मिटले. कंत्राटदाराच्या बुटात पाणी शिरलं. त्याला वाटलं, इथली रीतच असेल. मेस्त्रींच्या पायांना गारवा लागला तसे ते गहिवरले. आज प्रार्थना थेट पोचली म्हणायची, असं वाटून त्यांनी आणखी जोर धरला.

काहीतरी टकळीच्या घोट्यावर आपटलं. तिने एक डोळा किलकिला केला. खालच्या फळीवरची गाण्याची पुस्तकं दाराकडे तरंगत निघाली होती आणि मेस्त्री कुणाच्या तरी संडासाच्या टाकीबद्दल देवाचे आभार मानत होते.

"आमेन!" टकळी किंचाळली. "आमेन, काका! पाणी!" आणि धावत जाऊन तिने नळ बंद केला.

मेस्त्रींनी डोळे उघडले. तळ्यातून चालत ते तिच्यापाशी गेले आणि अगदी पडलेल्या आवाजात म्हणाले, "मध्ये बोललीस ना पोरी."

टकळीने मान खाली घातली. तिला मामाची तिन्ही पोरं दात दाखवताना दिसायला लागली.

कंत्राटदाराने आधी बूट उपडे केले. पाणी ओसरल्यावर त्याने व्हॉल्व्ह रुमालाने पुसला, पाच मिनिटं थांबून त्याखाली बोट फिरवलं आणि कोरडं बोट दोघांना दाखवलं. सोमवारी आठला ये, असं त्याने टकळीला सांगितलं.

"पण ती मध्ये बोलली," मेस्त्री प्रामाणिकपणे म्हणाले.

"गप्प बसणारी सात माणसं आहेत माझ्याकडे. गेल्या महिन्यात अख्खा जिना भिजला, सातही जण बघत उभे होते."

मेस्त्रींचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की सोमवारी ते स्वतः तिच्यासोबत येतील आणि पहिल्या दिवसाची सुरुवात प्रार्थनेने करून देतील.

कंत्राटदाराने ओले बूट तसेच हातात धरले आणि दार गाठलं.

"मेस्त्री," तो दारातून म्हणाला, "तिला एकटीलाच पाठवा."