पुनवेपर्यंत उसना

पावसात भिजू नये म्हणून निवळकोंडचे लोक मृग लागायच्या आत आपला समुद्र घरात घेतात. लाकडं, सोलं, मीठ, सुकी मासळी भरून झाली की शेवटी समुद्र. ज्याला त्याला आपला वाटा मापून मिळतो. कुणी तो पडवीत ठेवतं, कुणी माजघरात. नारळी पुनवेला सगळे आपापला वाटा किनाऱ्यावर नेऊन परत ओततात.

गडहिंग्लजच्या इंदुमती शिंत्रे यांना हे फोनवर कळलं, तेव्हा त्यांनी हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं. समुद्र घरात घेतात याचं त्यांना विशेष वाटलं नाही. त्यांच्या माहेरी पावसाआधी शेणी घरात घेत. पण त्या समुद्रात त्यांचा नवरा होता.

दिवाळीत दोघं निवळकोंडला स्कूबा डायव्हिंगला गेले होते. ऐन वेळी इंदुमतीबाईंना भीती वाटली. "तुम्ही जाऊन या, मी चष्मा धरते," असं म्हणून त्या होडीत बसून राहिल्या. वसंतराव खाली गेले, ते वर आलेच नाहीत. डायव्हिंग सेंटरच्या गुरुनाथनं काही लपवून ठेवलं नाही. काका खाली मजेत आहेत, दिसले की हात करतात, फक्त वर यायचं मनावर घेत नाहीत, असं तो दर फोनला सांगे. गडहिंग्लजात मात्र लोक आधी इंदुमतीबाईंच्या कपाळाकडे पाहत आणि मग बोलत. कुंकू त्या लावत होत्या, पण ते हळूहळू लहान होत चाललं होतं.

उघडा समुद्र केवढा, त्यात माणूस शोधायचा कुठे? पण आता तो घराघरांत होता, म्हणजे वसंतरावही कुणाच्या तरी चार भिंतींच्या आतच असणार. पावसात डायव्हिंग बंद असतं, हे गुरुनाथनं सांगून पाहिलं. मग त्यानं गावात चौकशी केली आणि कळवलं की खोल भाग यंदा आवाबाई कुबलिणीकडे गेलाय, तिच्या माजघरात पाहायला हरकत नाही.

इंदुमतीबाईंनी शनिवारी जाऊन रविवारी परतायचं ठरवलं. पिशवीत वसंतरावांचा चष्मा, चपला, माकडटोपी आणि छत्री भरली. वसंतरावांना एक थेंब अंगावर पडला तरी सर्दी होई. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बादलीत तोंड बुडवून श्वास धरायचा सराव केला, देवाला साखर ठेवली आणि आंबोलीमार्गे जाणारी एसटी धरली.

आवाबाईच्या माजघरात समुद्र उंबऱ्यापर्यंत होता. पुढे फळी लावली होती. एका कौलातून पाणी गळत होतं. तिथं आवाबाईनं आढ्याला पातेलं टांगलं होतं.

"समुद्र भिजलो तर गाव परत घेवचो नाय," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

गुरुनाथनं पाठीवर सिलिंडर बांधला, तोंडात नळी दिली. इंदुमतीबाईंनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि स्वतःला सोडून दिलं.

खाली पावसाचा आवाजही नव्हता. वसंतराव एका खडकावर बसले होते. बाईंना पाहताच ते सरकले. एसटीत सरकत तसेच, खिडकीची जागा देऊन. इंदुमतीबाई बसल्या नाहीत. त्यांनी वर बोट दाखवलं. वसंतरावांनी डायव्हिंगवाल्यांची पाटी घेतली आणि लिहिलं, "वर पाऊस आहे. इथे येत नाही."

बाईंनी खाली लिहिलं, "छत्री आणलीय."

वसंतराव पाटीवर वाकले. मग उठले.

उंबऱ्याशी आवाबाई आडवी आली. तिला राग आला नव्हता, पण वाटा मापून आला होता आणि मापूनच द्यायचा होता.

"अहो, माझा नवरा आहे तो," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"नाय कोण म्हणता? पण वाट्यात मोजलो हा." आवाबाईनं थोडा विचार केला. "उसनो ने. पुनवेपर्यंत. सपाट नेतंस, शिगोशीग परत आणूक होया. उसन्याची रीत ती."

रीत इंदुमतीबाईंना ठाऊक होती. जन्मभर त्यांनी शेजारणीची वाटीभर साखर वर शीग लावून परत केली होती. पण नवरा कधी उसना आणला नव्हता. घाट चढून होईपर्यंत त्यांनी वसंतरावांचा दंड सोडला नाही.

घरी त्यांनी वसंतरावांना परक्याच्या भांड्यासारखं जपलं. जड उचलू दिलं नाही, पावसात बाजारात धाडलं नाही. कुंकू पुन्हा रुपयाएवढं झालं. शेजारणींनी विचारलं, "आले का भाऊजी?" त्या म्हणाल्या, "पुनवेपर्यंत आहेत." शेजारणींनी माना डोलावल्या. उसनं म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही.

पण कोरड्यात वसंतराव उतरत चालले. बाईंनी लाडू चारले, दुधात तूप घातलं, तरी रोज सदरा अधिकच ढगळ होई. शीग राहिली बाजूला, माप सपाटही भरेना. भर कशाची घालावी म्हणून इंदुमतीबाईंनी डब्यांवरून नजर फिरवली, तांदळाचं पोतं हातानं चाचपलं. रात्री त्या नवऱ्याशेजारी जाग्या पडून राहिल्या. त्याच्या अंगाला अजून खाऱ्या वाऱ्याचा वास होता.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्यांनी तुळशीला पाणी घातलं, गॅस बंद केला आणि शेजारी किल्ली दिली. एका छत्रीतून दोघं निवळकोंडला पोचले.

आवाबाईनं वसंतरावांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मापाचा काठ पाहावा तसं.

"ह्यो तर उणो झालो," ती म्हणाली. "शीग खंय?"

इंदुमतीबाईंनी चपला पायरीवर काढल्या होत्या आणि पदर खोचला होता.

"मी," त्या म्हणाल्या.

आवाबाईनं पुन्हा एकदा दोघांना मिळून पाहिलं. तिचं समाधान झालं. तिनं फळी बाजूला केली आणि छत्री तेवढी दारात ठेवून घेतली. आत ती लागत नाही.