भूगोलाचे सर

रविवारी सकाळी नाथाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, कारण विद्यापीठात कार्यक्रम होता. कसला कार्यक्रम, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्याची फिकीरही नव्हती. विश्रामबागच्या चौकात फलक लागला होता, त्यावर खाली 'प्रवेश सर्वांना खुला' असं छापलं होतं. ही ओळ वाचली की नाथाजींना घरी येऊन कुणी आवतण दिल्यासारखं वाटे.

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर कोरेगावकडची शेती वाट्याने लावून ते मुलाकडे सांगलीला आले. पाठोपाठ बायको गेली. मग राजवर्धनची, म्हणजे मुलाची, हैदराबादला बदली झाली आणि फ्लॅट राखायला नाथाजी मागे उरले. फ्लॅट काही पळून जाणार नव्हता, पण एकटं राहण्याला काहीतरी नाव दिलेलं बरं असतं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जाई. शेजारी लिफ्टमध्ये मोबाईलकडे बघत उभे राहत. मुलाचा फोन येई आणि "जेवलात का?" इथे सुरू होऊन तिथेच संपे. म्हणून नाथाजी विद्यापीठात जात. रक्तदान शिबिर झालं, मधमाश्यांवरचं व्याख्यान झालं, एकदा तर अजिबात ओळख नसलेल्या एका प्राध्यापकांच्या शोकसभेत ते शेवटपर्यंत बसून आले. कुणी बोलत नसे, पण खुर्चीला खुर्ची लागलेली असे.

आज शाळांची प्रश्नमंजूषा होती. सभागृहाच्या पायऱ्यांवर गणवेशातली एक मुलगी आणि एक मुलगा तोंड पाडून उभे होते. मुलीने नाथाजींना खालून वर न्याहाळलं.

"आवं आजोबा, तुमी शिक्षक हाय का?"

"न्हाई गं."

"दिसताय तर अगदी तसंच," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

उत्कर्षा तिचं नाव. दोघं पाटणजवळच्या गावाहून एसटीने आली होती. त्यांच्या सरांना आदल्या दिवशी मतदार याद्यांच्या कामाला जुंपलं. मग सोबतीला त्या मुलाचे, म्हणजे विश्वजितचे, मामा निघाले, पण मामांना कऱ्हाडात लग्न होतं, ते जेवणाच्या ओढीने तिथेच उतरले. आणि इथे दारावरचा नियम असा की मार्गदर्शक शिक्षकाशिवाय संघाला प्रवेश नाही.

"वर्षभर अभ्यास केलाय आमी," विश्वजित म्हणाला. "आता तसंच माघारी जायचं व्हय?"

"तुमी नुसतं बसायचं, सर," उत्कर्षाने 'सर' म्हणायला सुरुवातच करून टाकली. "बोलायचं काय न्हाई."

बसण्याच्या बाबतीत नाथाजींचा हात धरणारा अख्ख्या सांगलीत कुणी नव्हता. शिवाय कुणाला आपली गरज लागली, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात अलीकडे घडली नव्हती. "विषय इचारला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"भूगोल सांगा. भूगोल म्हटलं की पुढं कुणी काय इचारत न्हाई."

टेबलाशी रविराज नावाचे तरुण प्राध्यापक होते. नोंदणी, माईक, पाण्याच्या बाटल्या आणि प्रश्न विचारणं, सगळं त्यांच्याच गळ्यात होतं, कारण ते तासिका तत्त्वावर होते. त्यांनी नाथाजींकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"विषय?"

"भूगोल."

"बसा सर," रविराज म्हणाले.

आले होते चारच संघ. शिक्षकांच्या राखीव रांगेत नाथाजींखेरीज तिघं होती. जतच्या संघाबरोबरचे लालासाहेब विज्ञानाचे होते आणि पंख्याकडे बघत होते. यशराज मराठीचे होते, ते बुटांकडे बघत होते. मंगल मॅडम गणिताच्या, त्या मांडीवरच्या पिशवीकडे. नाथाजींनी दोनदा "गरमी लय हाय" असं म्हणून पाहिलं. तिघांनी मान हलवली आणि पुन्हा आपापल्या ठिकाणी बघायला लागले. शिक्षक माणसं भारी शिष्ट असतात, असं नाथाजींच्या मनाने घेतलं. भरल्या रांगेत बसूनही त्यांना फ्लॅटमध्ये बसल्यासारखंच वाटलं.

आपल्याकडे सत्काराशिवाय प्रश्नसुद्धा विचारत नाहीत. प्रत्येक शिक्षकाला गुलाबाचं फूल मिळालं. माईकवरून "भूगोलाचे ज्येष्ठ मार्गदर्शक नाथाजी सर" असा पुकारा झाला आणि नाथाजी सवयीने सॅल्यूट ठोकून बसले. टाळ्या पडल्या. पुढे चढाओढ रंगली. उत्कर्षा घंटी अशी दाबत होती, जणू तिचं घंटीशी जुनं वैर असावं. शेवटच्या प्रश्नाला पाटण आणि जत बरोबरीत आले.

"सर्वांत जास्त उपग्रह कोणत्या ग्रहाला आहेत?"

"शनी!" उत्कर्षा म्हणाली.

रविराजनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कार्डावर... गुरू आहे."

"मग गुरू!" जतच्या मुलाने तेवढ्यात सांगून टाकलं.

"कार्ड चुकलंय!" उत्कर्षा उभी राहिली. "शनीच हाय, सर! जुन्या पुस्तकात गुरू हुतं. आता बदललंय ते."

सभागृहात गलका झाला. प्रश्न काढले होते विभागप्रमुखांनी. ते प्रश्न देऊन महाबळेश्वरला गेले होते, आणि फोन उचलत नव्हते. विभागप्रमुखांचं उत्तर चुकलं असं जाहीर करायचं, तर तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या पुढच्या वर्षीच्या तासिका गुरूच्या पलीकडे जाऊन पडायच्या. रविराजनी घाम पुसला आणि अशा वेळी आपल्याकडे जे करतात ते केलं.

"समिती नेमू या. मार्गदर्शक शिक्षकांची समिती निर्णय देईल. प्रश्न भूगोलाच्या अंगाने जातो, तेव्हा अध्यक्ष अर्थातच नाथाजी सर."

नाथाजींनी हातातलं गुलाबाचं फूल खिशात कोंबलं. सीमेवर बर्फात रात्री काढलेला माणूस, पण ग्रहांचा मामला त्यांच्या हाताबाहेरचा होता. ते उत्कर्षाकडे बघेनात. तिच्या वर्षभराच्या अभ्यासाचा निकाल आता एका खोट्या मास्तरावर येऊन पडला होता.

चौघांना शेजारच्या खोलीत बसवून दार लावून घेतलं गेलं. चहा आला. बराच वेळ नुसते भुरके ऐकू येत होते.

"तर... लालासाहेब सर," नाथाजींनी तोफ दुसरीकडे वळवली, "तुमचा विषय विज्ञान. तुमीच सांगा."

"छ्या छ्या! तुमी अध्यक्ष. तुमच्या म्होरं आमी काय बोलावं?"

"यशराज सर?"

"माझं मराठी. शनी म्हणा, गुरू म्हणा, मला दोन्ही शब्द शुद्धच वाटतात."

"मॅडम, गणितात मोजता येतील की उपग्रह?"

मंगल मॅडमनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि त्या तळाकडे बघत बसल्या.

चौघांच्याही खिशात फोन होते. एक बोट फिरवलं असतं तर उत्तर मिळत होतं. पण तीन शिक्षकांसमोर फोन काढून बघायचा, म्हणजे अब्रूचा पंचनामा. चौघंही हात टेबलावर ठेवून बसले. बाहेरून मुलांचा गलका येत होता. नाथाजींना वाटलं, आकडा लावल्यासारखं काहीतरी ठोकून द्यावं. मग उत्कर्षा उभी राहून बोलली होती ते आठवलं, आणि त्यांनी कप खाली ठेवला.

"माझ्यानं हुयाचं न्हाई," ते म्हणाले. "मी शिक्षक न्हाई. रिटायर फौजी हाय. पोरांना सोबत कुणी नव्हतं, म्हणून बसलो. काय सजा द्यायची ती मला द्या, पोरीचं गुण कापू नगा."

मग लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मी बी न्हाई," ते म्हणाले. "आमची मेंढरं हायती, आन् टेम्पो चालवतो. पुतण्याचं मास्तर याद्यांच्या कामावर गेलं."

"माझं कापडाचं दुकान आहे," यशराज म्हणाले. "मास्तर शेजारी राहतात. म्हणाले, नुसतं बसायचं, बोलायचं काही नाही."

तिघांनी मंगल मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली. "मी आई हाय," त्या म्हणाल्या. "पोरीचा डबा घिऊन आल्ते. दारात इचारलं, शिक्षक कुठंयत? मी म्हटलं, मीच."

पहिल्यांदा टेम्पोवाले लालासाहेब हसले, आणि मग चौघं असे हसले की टेबलावरचे कप वाजायला लागले. नाथाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपण शेवटचं कधी हसलो होतो ते त्यांना आठवेना. मग चौघांनी एकदम फोन काढले. चारही फोनांनी शनी सांगितलं.

"लालासाहेब, तुमचा पुतण्या हरतोय," नाथाजी चाचरत म्हणाले.

"हरू द्या. पोरगीनं अभ्यास केलाय. आन् आमच्या घराण्याला शनीनं कवा सोडलंय?"

निर्णय झाला होता, पण उठायला कुणी तयार नव्हतं. यशराजनी आणखी एक चहा सांगितला. लालासाहेबांनी मेंढरांच्या, नाथाजींनी फौजेच्या गोष्टी काढल्या, आणि बाहेर लोकांना वाटत राहिलं की समिती फार खोलात गेली आहे.

समितीने शनी जाहीर केला. उत्कर्षाने ढाल घेतली, नाथाजींच्या पाया पडली आणि धावतच निघाली. लालासाहेबांनी चारही शाळांना स्टँडपर्यंत टेम्पोत घेतलं. "चला की सर, जागा हाय!" त्यांनी हाक मारली. जागा होती, पण नाथाजींना कुठे जायचं नव्हतं. टेम्पो फाटकाबाहेर गेला तसं आवार एकदम ओस पडलं.

पोरांच्या मागे नंतर लचांड नको म्हणून नाथाजी खुर्च्या गोळा करणाऱ्या रविराजांकडे गेले. "सर, एक कबुली द्यायची हाय. मी भूगोलाचा शिक्षक न्हाई."

"मला माहीत आहे," रविराज म्हणाले.

"आँ?"

"तुम्ही शोकसभेलाही आला होतात. इथे सगळे ओळखतात तुम्हाला. मधे दोन कार्यक्रमांना दिसला नाहीत, तर आमचा रखवालदार विचारत होता, आजोबा बरे आहेत ना?"

आपण कुणाच्या नजरेत नाही, असं नाथाजी धरून चालले होते.

"म्हणूनच तुम्हाला अध्यक्ष केलं," रविराज पुढे म्हणाले. "तुम्ही कुठल्याच शाळेचे नाही, म्हणजे बाजू घेणार नाही. आणि बाकीचे तिघं अनुभवी शिक्षक. म्हटलं, ते सांभाळून घेतील तुम्हाला."

"व्हय," नाथाजी गंभीरपणे म्हणाले. "लय सांभाळून घेतलं."

त्यांनी एक खुर्ची उचलून दुसरीवर ठेवली, मग आणखी एक. "म्होरल्या रविवारी काय कार्यक्रम हाय?"

"काही नाही. परीक्षा संपल्या, आवार रिकामंच असेल." रविराजांनीही एक खुर्ची उचलली. "मी असतो. खोलीवर तरी काय करायचं एकट्याने?"

"कितीला सुरू हुतं?" नाथाजींनी विचारलं.