टपावरचं झुरळ

"किलोमीटरमागे पैसे हवेत ना? मग झुरळ घ्यावं लागेल," साहेब म्हणाले. नानांना वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं.

नाना झुरळं-ढेकूण मारणाऱ्या कंपनीत तपासनीस होते. लोकांच्या घरांत, दुकानांत जायचं आणि कुठे काय वळवळतंय ते बघायचं. हिंडायला गाडी स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं. कंपनी किलोमीटरप्रमाणे भरपाई द्यायची. आता नवा नियम निघाला होता. भरपाई हवी तर गाडीच्या टपावर कंपनीची जाहिरात हवी. जाहिरात म्हणजे माणसाएवढं लांब, तपकिरी, चकचकीत प्लॅस्टिकचं झुरळ. मिशा स्प्रिंगच्या, गाडी हलली की लवलवणाऱ्या. खाली लाल अक्षरांत 'आम्ही आलोय!'

नानांच्या बायकोनं खिडकीतून ते ध्यान बघितलं आणि ती मटकन खालीच बसली.

"अहो, रविवारी पोरीला घेऊन ह्याच्यातून जायचंय?"

रविवार साधासुधा नव्हता. पोरीनं स्वतःच मुलगा पसंत केला होता, एका बेकरीवाल्याचा. मुलगा तयार होता, पण त्याचे वडील पडले तिखट स्वभावाचे. त्यांचा होकार रविवारच्या भेटीत मिळणार होता, आणि पोरीनं त्या धास्तीनं जेवणखाण सोडलं होतं.

नानांनी झुरळ काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण कंपनीच्या फिटरनं नट असे आवळले होते की पाना वाकला, झुरळ हललं नाही. शेवटी बायकोनं त्याच्यावर फुलाफुलांची चादर बांधली. "गाडी कोपऱ्यावर लावू, तिथून चालत जाऊ," नाना म्हणाले. "कुणाला कळतंय?"

कोपऱ्यावर मुलगाच धावत आला. "काका, इथं नको! बाबांनी दुकानाच्या दारातच जागा ठेवलीय!"

आता काय करता? बेकरीवाले सकाळपासून दारात खुर्ची मांडून जागा अडवून बसले होते. त्यांनी हसत खुर्ची उचलली, नानांनी ब्रेक मारला, आणि तेवढ्या हिसक्यानं चादरीची गाठ सुटली. चादर घसरून बेकरीवाल्यांच्या पायाशी पडली. वर झुरळ मिशा हलवत केकच्या कपाटाकडे बघत होतं.

बेकरीवाल्यांचा आ वासला तो वासलेलाच राहिला. दुकानात ही गर्दी! एका आजीबाईंनी हातातला पाव तिथंच टाकला.

"अगंबाई! ह्यांच्याकडे झुरळं झालीत!"

"हे काय आणलंत?" बेकरीवाल्यांनी झुरळाकडे बोट दाखवलं.

"कंपनीचं आहे. भरपाईसाठी लावावं लागतं."

"आणि माझी भरपाई कोण करणार?"

गिऱ्हाइकं पटापटा पायऱ्या उतरत होती. नानांना राहवलं नाही. ते पायरीवर चढून ओरडले, "अहो, थांबा! मी कामावर नाही! खाजगीत आलोय!"

"खाजगीत बोलावलंय म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं दिसतंय," एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले.

"तसं नाही हो! माझी मुलगी ह्यांच्या घरात द्यायचीय!"

"ऐकलंत?" आजीबाई किंचाळल्या. "झुरळं मारणाऱ्याशी कायमची सोयरीक करतायत! किती झाली असतील विचार करा!"

दुकान रिकामं झालं. इतका वेळ खाली मान घालून उभी असलेली पोरगी पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "बाबा, किल्ली द्या. मी गाडी जरा बाजूला लावून येते."

आतल्या खोलीत बेकरीवाले कपाळाला हात लावून बसले. "हे बघा, पोरगी चांगली असेल तुमची. पण आमचं काही जमेलसं वाटत नाही." नानांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. एका झुरळापायी पोरीचं लग्न मोडलं होतं.

तेवढ्यात मुलगा धापा टाकत आत आला. "बाबा, बाहेर या! माणसं आवरेनात!"

सगळे धावले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आजीबाई पुन्हा पहिल्या नंबरावर! बेकरीवाल्यांनी डोळे चोळले, आणि मग त्यांना रस्त्यापलीकडचं दृश्य दिसलं. समोरचं केकचं दुकान, ज्यानं वर्षानुवर्षं त्यांची गिऱ्हाइकं पळवली होती, ते ओस पडलं होतं. त्याच्या अगदी दारात झुरळ मिशा हलवत उभं होतं.

"अगं, तू मुद्दाम—?" नाना हबकून पोरीकडे बघत राहिले. ही आपलीच का, असं त्यांना वाटलं.

"तिथंच जागा होती, बाबा," पोरगी गरीब चेहऱ्यानं म्हणाली.

बेकरीवाले तिच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी सगळ्यात मोठा केक उचलून तिच्या हातात ठेवला. "व्याही," ते गदगदून म्हणाले, "मला सून हीच पाहिजे. आणि गाडी राहू द्या तिथंच."

सोमवारी साहेबांनी नानांना बोलावलं. साहेब खुशीत होते.

"एका केकवाल्यानं तपासणीला बोलावलंय. तुमचीच गाडी हवी म्हणाला. अट एकच आहे, गाडी समोरच्या बेकरीच्या दारात लावायची. गिऱ्हाइकाचं ऐकायचं हं नाना, नाहीतर भरपाई विसरा."

नानांनी किल्ली खिशातून काढली, साहेबांच्या टेबलावर ठेवली, मग पुन्हा खिशात टाकली.

दुपारी नाना पाठीवर फवारणीचा पंप घेऊन, भर उन्हात, पायी त्या रस्त्याला लागले. बेकरीच्या दारात व्याही हात कमरेवर ठेवून, समोरच्या दुकानाच्या दाराकडे डोळे लावून वाट बघत उभे होते. नानांना चालत येताना बघून त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हे काय व्याही? झुरळ कुठंय?"