सोमवारचा पडदा

"सरले, ह्या पडद्याक पाणी लावलंस तर माझ्या मढ्याक लावलंस म्हणान समज. सुक्या फडक्यान पुसूचो. डाग दिसलो तर शिळ्या पावान घासूचो. आणि उनात घालतलंस तेव्हा उभो टांगूचो. आडवो घातलंस काय घडी पडता, ती जल्मभर तशीच रवता."

लग्न होऊन देवबागात आली त्या आठवड्यातच सासऱ्यांनी, अप्पांनी, सरलाला हे सांगितलं होतं. आठ वर्षं झाली, तरी पडद्याकडे बघितलं की तिच्या कानात तोच आवाज यायचा.

अप्पा मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बावीस वर्षं नोकरीला होते. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा इतर नोकरांनी खुर्च्या, घड्याळं, काचेची भांडी मागून घेतली. अप्पांनी खिडकीचा पडदा मागितला. लाकडी दांड्यावर गुंडाळलेलं जाड पांढरं कापड, दांड्याच्या पोटात स्प्रिंग. खालची पट्टी धरून ओढलं की पडदा खाली यायचा, हलका झटका दिला की आपोआप वर जायचा. अख्ख्या देवबागात असा दुसरा पडदा नव्हता, आणि त्याची गरज असलेलं माणूसही दुसरं नव्हतं. अप्पांनी तो खाडीकडच्या खिडकीला लावला आणि देव्हाऱ्याखालोखाल जपला.

खारं वारं मात्र साहेबाला ओळखत नव्हतं. त्या वर्षीच्या पावसात कापडावर बुरशीचे ठिपके आले, स्प्रिंगला गंज चढला आणि आश्विनात पडदा खाली आला तो वर जाईना. त्याच आठवड्यात अप्पाही खाटेला खिळले. पायांना सूज, छातीत घरघर. मालवणहून आलेल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि औषधाऐवजी देवाचं नाव घ्यायला सांगितलं. नवरा विश्राम बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा. घरात सरला, अप्पा आणि तो अडकलेला पडदा.

"वर कर गो तो," अप्पा दिवसातून दहादा म्हणायचे. "पाणी दिसना नाय."

पाणी बघायचं होतं हे खरं होतं. पण पाण्याच्या पलीकडे, दुसऱ्या काठावर, लाल कौलांचं एक घर होतं. ते अप्पांच्या धाकट्या भावाचं, गंगारामचं. त्याचं नाव ते घेत नसत. नऊ वर्षांपूर्वी ग्रामदेवतेच्या पालखीवरून दोघा भावांत वाजलं होतं. पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा द्यायचा मान थोरल्याचा. अप्पा त्यासाठी मुंबईहून बोटीने आले, धावत देवळात पोचले, तर पालखी निघालेली आणि पुढच्या दांड्याखाली गंगाराम. "तुझी बोट इली ह्या माका खयसून कळात?" असं तो म्हणाला आणि शब्दाने शब्द वाढला. शेवटी अप्पांच्या अंगणात उभं राहून, देवीची आण घेऊन तो ओरडला होता, "तुझ्या वाश्यार पांढरा चढात त्या दिवशी येयन! त्याच्या आदी ह्या पायरेर पाय ठेवचंय नाय!"

वाशावरचं पांढरं म्हणजे काय ते दोन्ही काठांना ठाऊक होतं. घरात माणूस गेलं की अंगणात रोवलेल्या उंच वाशाच्या टोकाला दोरीने पांढरं धोतर चढवायचं. पलीकडचे सोयरे ते बघून निघायचे. निरोप्या पाठवण्यात वेळ जात नसे.

कार्तिकातला सोमवार होता. सरलाने ठरवलं, आज पडदा काढायचाच. म्हाताऱ्या माणसाची दुसरी काय इच्छा उरली होती? तिने शेजारच्या बर्नादेतला हाक मारली. दोघींनी मिळून दांडा कड्यांतून सोडवला, तशी आतली स्प्रिंग घर्रकन सुटली आणि पट्टी बर्नादेतच्या हनुवटीवर बसली.

"जेजू! तुझ्या सासऱ्याक सांग गो, ह्याका पिंजऱ्यात घाल म्हणान!" बर्नादेत हनुवटी चोळत म्हणाली. तिने सोबत चार शिळे पाव आणले होते. सरलाचा उपास आणि अंगावर पूजेचं पातळ, म्हणून ती नुसती कापड ताणून धरी आणि पाव बर्नादेत घाशी. "आमच्या घरात पोरां पाव मागतत, नि तुमचो अप्पा पडद्याक चारता."

ठिपके गेले, कापड उजळलं. उजळलं म्हणजे अगदी दुधासारखं झालं. आता उन्हात घालायचं, आणि उभं. ओसरीच्या कडेला टांगलं तर पावाच्या चुऱ्यासाठी कोंबड्या उड्या मारू लागल्या. माडाला टांगलं तर बकरीने पट्टी चाटली. बर्नादेत घरी गेली होती. सरलाने इकडेतिकडे बघितलं, वाशाची दोरी सोडली, दांडा तिला बांधला आणि पडदा सरसर वर चढवला. उभा, बिनघडीचा, अप्पांनी सांगितला तसा. तिच्या मनात पडदा होता. पडदा पांढरा आहे हे तिला दिसत होतं. वाशावर पांढरं आहे हे दिसलं नाही. माणसाचं असं होतं खरं.

मग हात धुऊन ती तुळशीपाशी आली. सोमवारी तुळशीला एकशेआठ प्रदक्षिणा, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत मौन, हा तिचा नेम होता. लग्नापासून एकदाही चुकला नव्हता.

तिसाव्या प्रदक्षिणेला कावळे आले. पडद्यावरच्या चुऱ्यासाठी वाशाभोवती चाळीस-पन्नास कावळ्यांचा कालवा झाला. पंचेचाळिसाव्याला वाडीतला बाबली अंगणात आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने वाशाकडे बघितलं, कावळ्यांकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. त्याच्यामागे दोघे जण हिरवे बांबू आणि काथ्याची सुंभं घेऊन आले.

सरलाने हात हलवले. बोलता येत नव्हतं. तिने बोटांनी खिडकी दाखवली, वासा दाखवला, नाही नाही अशी मान हलवली आणि प्रदक्षिणा तुटू नये म्हणून चालत राहिली.

"वाचाच गेली बायेची," बाबली हळूच म्हणाला. "बघा कशी फिरतासा. धक्को बसलो बिचारीक."

हे ऐकून सरला भराभर चालू लागली. अजून साठ राहिल्या होत्या. भराभर चालताना तिला रडू येऊ लागलं, आणि ते बघून त्या तिघांनी बांबू फोडायला घेतले.

बांबूच्या आवाजाने अप्पांना जाग आली. दीड महिन्यात पहिल्यांदा खिडकी उघडी होती. त्यांनी मान वळवली. समोर पाणी होतं, पाण्यापलीकडे लाल कौलं होती, आणि अलीकडे, खिडकीखालीच, बाबली तिरडी बांधत बसला होता.

"बाबल्या, कोण गेला रे?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा," बाबली मान वर न करता म्हणाला. त्याच्या दातांत सुंभ होतं.

"खयचो अप्पा?"

"हयचोच. आणि खयचो?"

"कधी?"

"सकाळी असतलो. पांढरा आता चढला."

"त्रास झालो काय रे तेका?"

"तेका कसलो त्रास? त्रास सुनेक दिल्यान. पडदो पडदो करून जीव काढल्यान तिचो. सुटली बाय."

अप्पांनी बांबूंची लांबी नजरेने मोजली. मग म्हणाले, "तिरडी आखूड दिसता."

"पुराता हो. सुकान गेललो म्हातारो, आता कितको..." आणि बाबलीने वर बघितलं. कोयता त्याच्या हातून सुटला तो थेट त्याच्याच अंगठ्यावर. त्या दिवशी रक्त सांडलं ते फक्त त्याचं.

तिरडी अर्धी बांधून झाली होती. जिवंत माणसाच्या अंगणात ती ठेवायची कशी, आणि बांधलेली सोडायची कशी, यावर तिघांत वाद लागला. अप्पा आतून सांगत होते, "अर्धवट ठेव नकात. बांधतास तर बरी बांधा, मगे कामाक येतली." सरलाची एकशेआठवी प्रदक्षिणा पुरी झाली. तिने तुळशीला हात जोडले, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी खाडीच्या बाजूने हंबरडा आला.

"दादाऽऽ! माझ्या दादाऽऽ!"

गंगारामने आपली होडी वाळूत घुसवली होती. काखेत नवं पांढरं कापड, हातात तुळशीची जुडी. तो धावत आला आणि नऊ वर्षांत ज्या पायरीवर पाय ठेवला नव्हता तिच्यावर धाडकन बसला. कपाळ बडवत म्हणाला, "माका फसवन गेलस दादा! माका सांगूचा होता तुका! सांगूचा रवला!"

बाबली अंगठा धरून उभा होता. सरला धावत आत गेली. "अप्पानू, काका इलेत. तेंका सांगतंय मी..."

अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. एक बोट ओठांवर होतं. "गप," ते पुटपुटले. "नऊ वर्सां थांबलंय ह्या ऐकूक."

"तुझी बोट बंदरात लागलेली माका दिसली होती, दादा!" गंगाराम पायरीवर डोकं टेकून रडत होता. "देवळाच्या घाटीवरसून माका सगळा दिसला होता! तरी मी पालखी उचललंय! पुढच्या दांड्याचो मोह झालो माका! देवीच्या दारात खोटा बोललंय!"

कावळे तेवढे ओरडत होते.

"बोटीचा काय म्हणालस, गंग्या?" आतून आवाज आला. "पुन्ना सांग. छातीत घरघर आसा, नीट ऐकाक येणा नाय."

गंगारामच्या हातातली तुळस खाली पडली. तो उठला, दाराच्या चौकटीला धरून आत बघू लागला.

"तू मेलस नाय?"

"नाय."

"मगे धोतर कित्याक चढवलास?"

"डोळे फुटले तुझे? ता धोतर खय? तो पडदो. खाली लाकडाची पट्टी आसा, बघ, कसो सरळ रवता. धोतर कधी असा रवता? धोतर फडफडता."

गंगारामने वाशाकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि मग आपल्या पायांकडे. पाय पायरीवर होते. त्याचा चेहरा रडताना झाला नव्हता तेवढा पडला. "म्हंजे माझी आण मोडली. देवीची आण." तो मागे सरकू लागला. "मी इललंयच नाय. मी काय बोलाक नाय. बाबल्या, तू काय ऐकलंस नाय."

अप्पांचा हात खाटेवरून उचलला गेला होता, तो तसाच हवेत राहिला. भाऊ होडीच्या दिशेने चालला होता, आणि पुढची खेप कसली असणार ते सगळ्यांना माहीत होतं.

"काकानू," सरला हळूच म्हणाली. ती मोठ्याने कधी बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "आण मोडली खय? पांढरा चढात त्या दिवशी येयन, असा तुमी म्हटललास. मेल्यार येयन असा नाय म्हणाक. पांढरा चढला. तुमी इलास. देवीचा काय देणा रवला?"

गंगारामने तिच्याकडे बघितलं. नेम-व्रतांच्या बाबतीत सरलाच्या शब्दाला वाडीत मान होता. त्याने ते वाक्य मनातल्या मनात उलटसुलट करून बघितलं, होडीचं लाकूड तपासावं तसं. तो होड्या दुरुस्त करणारा सुतार होता. कुठे भेग आहे का बघायची सवय होती. सापडली नाही.

"आणि परत पांढरा चढला तर?" अप्पांनी विचारलं.

"तर येयन. आण ती आण."

"खरा खोटा इचारूचंस नाय?"

"इचारूचंय नाय. येयन."

"आणि येताना तेलाची डबी हाड. स्प्रिंग गंजली. सरलान खोबऱ्याचा घातल्यान, ता चिकटता."

"हाडीन," गंगारामने डबी आणायचं कबूल केलं.

अप्पांनी सुनेकडे मान वळवली. "सरले, पडदो दर सोमवारी साफ करूक होयो. साहेबाच्या बंगल्यार दर सोमवारी करीत."

"आणि उभोच टांगतलंस मा गो?" गंगारामने नाक पुसत विचारलं.

त्यानंतर दर सोमवारी दहा वाजता वाशावर पांढरं चढू लागलं. पलीकडच्या काठावर गंगाराम हातातलं काम ठेवून उठे. "दादा गेलो वाटता," असं बायकोला, सुगंधाला, सांगे आणि कोनाड्यातली तेलाची डबी घेऊन होडीत बसे. अंगणात आला की आधी विचारी, "मेलस काय रे?"

"नाय अजून. ये."

मग तो स्प्रिंगला तेल घाली, पडदा कड्यांत बसवून दोनदा खालीवर करून दाखवी आणि खाटेशी बसून पेज पिई. दोघं पालखीवरून नव्याने भांडत. वाडीतली माणसं त्या वाशाकडे बघेनाशी झाली. तिरडीच्या बांबूंवर सरलाने पडवळ चढवलं. ते पडवळ खाण्याएवढे दिवस अप्पांना मिळाले, एवढंच. त्यांचा आवाज सोमवारागणिक बारीक होत गेला. तेराव्या सोमवारी "मेलस काय रे?" ला उत्तर आलं नाही, चादरीवरचं एक बोट तेवढं वर झालं. गंगारामने त्या दिवशी स्प्रिंगला तेल घालायला बराच वेळ लावला.

माघ सरत आला होता. गंगाराम अंगणात एका फळीला रंधा मारत होता. सुगंधा पाण्याला निघाली होती, ती थांबली.

"अहो, सरलान वाश्यार पडदो चढवल्यान. आज गुरवार ना? वार चुकली वाटता."

गंगारामने डोळ्यांवर हात धरून बघितलं. पांढरं वाऱ्याने फुगत होतं, वाशाभोवती गुंडाळलं जात होतं, पुन्हा सुटत होतं. खाली पट्टी नव्हती.

"चुकली असतली," तो म्हणाला.

त्याने रंधा पुसून जागेवर ठेवला. आत जाऊन पेटीतलं नवं कापड काढलं. दारातून बाहेर पडला, आणि परत वळून कोनाड्यातली तेलाची डबी घेतली.

"तेल कित्याक?" सुगंधाने विचारलं.

"हाडीन म्हटललंय," गंगाराम म्हणाला, आणि त्याने होडी पाण्यात ढकलली.