मध्य नसलेलं जंगल

मुलांनो, एका जंगलाला मध्य नव्हता.

हसू नका. जंगलाला कडा होत्या. एकीकडे नदी होती, दुसरीकडे डोंगर होता. कडा आल्या म्हणजे मध्य आलाच, असं तुमच्या भूमितीच्या बाई सांगतील. पण त्या जंगलात तो कुणी शोधलाच नव्हता. त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

मग वेणू परत आली.

वेणू ही तरुण शेकरू. म्हणजे झाडावरची मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. ती अगदी लहानपणीच लांबच्या एका नावाजलेल्या अभयारण्यात शिकायला गेली होती. तिथे एक केंद्र होतं. गोल, दगडांनी आखलेलं. सगळी कामं तिथेच व्हायची. परतीच्या वाटेवर फांदीफांदीला वेणू मनात म्हणत होती, आपल्याकडेही असं केंद्र असणार. जरा पडझड झालेलं असेल. आपण ते झाडून लख्ख करू. जंगलाची सेवा करू.

प्रत्यक्षात तिला केंद्र सापडलं नाही. आईसुद्धा बऱ्याच शोधाशोधीनंतर सापडली, भलत्याच झाडावर.

"आई, तू आपल्या घरट्यात का नाहीस?"

"हेही आपलंच की गं."

शेकरू एकच घरटं बांधून थांबत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. वेणूच्या आईची घरटी तर जंगलभर होती.

"अगं पण एक पत्ता नको का? कुणाला तुझ्याकडे यायचं झालं तर?"

"माझ्याकडे कशाला कोण येतंय? हाक आली की मीच जाते. जवळ एखादं घरटं असलं की बरं पडतं."

ही त्या जंगलाची जुनी रीत होती. कुणी हाक मारली की ज्याच्या कानावर पडेल त्याने धावायचं. कोण आहे, काय झालंय, हे पोहोचल्यावर विचारायचं. नदीकाठी राहणाऱ्या टिटवीकाकू दर उन्हाळ्यात हाक मारत. त्या उघड्या वाळूत अंडी घालत आणि घोरपड ती खायला येई. काकू ओरडल्या की सगळं जंगल धडपडत वाळूत उतरे. एवढा गोंधळ पाहून घोरपड बिळात शिरे. मग सगळे दमून पाणी पीत आणि घरी जात.

वेणूला हे ऐकून रडूच आलं.

"ही काय व्यवस्था झाली?" ती म्हणाली. "आपण विखुरलेले आहोत, आई! आपल्याला मध्यच नाही!"

"जेवून घे आधी," आई म्हणाली.

पण वेणू जेवली नाही. ती प्रत्येकाला विचारत सुटली, आपल्या जंगलाचा मध्य कुठे आहे?

"जिथं पोळं तिथं," अस्वलआप्पा म्हणाले.

"चिखल सोडून दुसरा कुठला असणार?" रानडुक्कर दाजीराव म्हणाले.

टिटवीकाकूंना तर शंकाच नव्हती. टिटवी पाय वर करून झोपते आणि त्या पायांवर आभाळ तोलून धरते, असं म्हणतात. काकूंचा त्यावर ठाम विश्वास होता. "आभाळ माझ्यावर उभं आहे पोरी. तूच सांग, मग मधोमध कोण?"

वेणूने सभा बोलावली. केंद्र काढायचं हे सगळ्यांना लगेच पटलं, कारण वेणू फार तळमळीने बोलली. अडलं ते नावावर.

"मध्य म्हणू या," अस्वलआप्पा म्हणाले.

"म्हणजे आम्ही डोंगराकडचे काय कडेचे?" डोंगराकडची माकडं उठून उभी राहिली.

"मग गाभा म्हणा," कुणीतरी सुचवलं.

"गाभा फणसाचा असतो," दाजीराव म्हणाले. "तो मी खातो. उद्या खाल्ला तर मला बोलायचं नाही."

नाभी हे नाव पाखरांना चालेना. आम्ही अंड्यातून आलो, आम्हाला ती नसते, आमच्यावर अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. वेणू भावनेच्या भरात म्हणाली, "मग काळीज म्हणू या. जंगलाचं काळीज!"

"नको गं बाई," एक भेकर मागून हळूच म्हणालं. "वाघोबांच्या तोंडाला पाणी सुटतं."

शेवटी वेणूने शाळेतलाच शब्द काढला. केंद्र. तो कुणालाच नीट कळला नाही. त्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

एका वडाखाली दगड गोल मांडले. पानाफुलांचं तोरण लागलं. वेणूने एकच नियम केला. यापुढे धावाधाव नाही. ज्याला अडचण असेल त्याने केंद्रात यायचं, शांतपणे सांगायचं. मग सगळे मिळून, नीट, शिस्तीत मदतीला जातील.

"आणि ज्याला येता येणार नाही?" आईने विचारलं.

"आई, असा कोण असणार?"

उद्घाटनाला गवेसाहेबांना बोलावलं होतं. गवेसाहेब अंगाने मोठे होते, म्हणून प्रत्येक कार्यक्रमात तेच असत. ते बोलायला उभे राहिले आणि तेवढ्यात नदीकडून हाक आली.

टिटीव! टिव टिव! टिटीव!

सगळ्यांचे कान ताठ झाले. दाजीरावांचे पुढचे दोन पाय तर गोलाबाहेर पडलेसुद्धा.

"थांबा!" वेणू ओरडली. "आज आपणच नियम मोडला तर पुढे कोण पाळेल? काकूंना माहीत आहे कुठे यायचं ते."

दाजीरावांनी पाय आत घेतले. गवेसाहेबांनी भाषण पुढे चालू केलं. हाक येत राहिली. मग थांबली.

थोड्या वेळाने टिटवीकाकू धापा टाकत वडाखाली उतरल्या. त्या नियम पाळणाऱ्या होत्या.

"आल्या!" वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं. "केंद्रात आलेल्या पहिल्या काकू!"

टाळ्या झाल्या. काकूंच्या गळ्यात हार घातला. तो मोठा झाला, म्हणून दुहेरी करून घातला.

"घोरपड..." काकू म्हणाल्या.

"सविस्तर सांगा," गवेसाहेब म्हणाले. "घाबरू नका. केंद्र तुमचंच आहे."

काकूंनी सविस्तर सांगितलं. दखल घेण्यात आली. मग सगळे मिळून, नीट, शिस्तीत नदीवर गेले.

वाळूत टरफलं पडली होती. घोरपड गेली होती. एकच अंडं उरलं होतं, आणि त्याच्यावर शेपटी पसरून वेणूची आई बसली होती. तिचा खांदा फाटला होता.

"आई! तू केंद्रात का नव्हतीस?"

"हाक इकडनं आली ना गं," आई म्हणाली. "वरच्या उंबरावर माझं घरटं होतं, तिथून उतरले. दोघीतिघी असतो तर बाकीचीही राहिली असती."

काकूंनी हार काढून ठेवला आणि त्या उरलेल्या अंड्यावर बसल्या.

परतताना वेणू मान खाली घालून चालत होती. "केंद्र बंद करू या," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"बंद?" अस्वलआप्पा दचकले. "छे छे! फार सोयीचं आहे पोरी. आधी हाक आली की पोळं अर्धं टाकून पळावं लागायचं. आज बघ, बसल्या जागी दखल घेतली. मनालाही कसं बरं वाटलं."

"आणि सावलीपण आहे," दाजीराव म्हणाले.

"विस्तार करावा लागेल," गवेसाहेब म्हणाले.

वेणूने पुष्कळ समजावलं. रडून झालं, भांडून झालं. पण ती आधी इतकं तळमळीने बोलली होती, की आता तिचं कुणाला पटेना. उलट सगळे तिलाच धीर देऊ लागले. सुरुवातीला असं होतंच, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडाखाली विस्ताराची सभा भरली. वेणूसाठी मधला दगड राखून ठेवला होता. तो रिकामाच राहिला. वेणू तोंडात काटक्या घेऊन नदीकडे निघाली होती. उंबरावर आईच्या शेजारच्या फांदीला तिने आपलं दुसरं घरटं बांधायला घेतलं. तिथून काकूंचं अंडं दिसत होतं.

तात्पर्य: मुलांनो, मोठे झालात की हाकेला धावू नका, केंद्र काढा. धावणाऱ्याचा खांदा फाटतो. केंद्राला खांदा नसतो.