बिऱ्हाडगाडीसाठी योग्य वाहन

बायकोला "हो" म्हणण्याआधी तिचं वाक्य पुरतं ऐकून घ्यावं, एवढी साधी अक्कल मला लग्नानंतर अकरा वर्षांनीही आलेली नव्हती. चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखातली गोष्ट. मी पेपर वाचत होतो. भाजी निवडता निवडता बेबीनंदा (आमच्या सौभाग्यवती) म्हणाली, "हसनाबादच्या लग्नाला मी माझं घर संगं घेऊन जाणार. चालंल का?"

मी म्हणालो, "हो."

पेपर खाली ठेवला तेव्हा तिनं ट्रंक भरायला घेतली होती.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. हसनाबाद तिचं माहेर. चार वर्षांमागं तिच्या भावाच्या, मच्छिंद्रच्या, थोरल्या मुलीचं लग्न झालं. पाहुणे एवढे झाले की प्रत्यक्ष नवरीच्या आत्याला कडब्याच्या खोलीत झोपावं लागलं. तिथं एका शेळीनं तिच्या इरकली लुगड्याचा पदर खाऊन टाकला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पदरावर ती मांडवात वावरली. आता धाकटीचं लग्न होतं. त्या घरात नवरीला पहिली हळद आत्याच लावते, म्हणजे जाणं भागच. पण कडब्याच्या खोलीत पाय ठेवणार नाही, अशी तिनं शपथ घेतली होती.

घर संगं न्यायचं म्हणजे काय, तर आमच्या ऑफिसच्या आवारात एक ट्रेलर पडून होता. आमचं खातं बोअर पाडायचं. दुष्काळात मशीनवरची माणसं राहायला म्हणून तो आला होता. दोन चाकांवरची पत्र्याची खोलीच ती! आत चार फळ्यांचे पलंग, स्टोव्हची जागा, पुढं खिडकी, मागं खिडकी. मी तिचं नाव बिऱ्हाडगाडी ठेवलं होतं. एकदा डबा द्यायला आलेल्या बेबीनंदानं ती पाहिली, तिथंच घात झाला.

मी भीत भीत अर्ज केला. साहेब भला माणूस. त्यांनी अर्जावर शेरा मारला, "योग्य वाहन निवडून सुरक्षितपणे न्यावा व आणावा. ओरखडा पडल्यास जबाबदारी अर्जदाराची."

योग्य वाहन! हे दोन शब्द माझ्या मानगुटीवर बसले. फायलीला दोरा कोणता योग्य हे मी डोळे मिटून सांगेन, पण ट्रेलरला ट्रक? मी मस्तगडावरच्या चहाच्या दुकानात सहज विषय काढला आणि सबंध जुना जालना माझ्या मदतीला धावला.

साहेबराव जीपवाला म्हणाला, "जीप घ्या. जल्दी पोचाल."

भुजंग ट्रकवाला उसळला. "जीप? उतारावर ट्रेलरच जीपला ढकलत न्हेईल! वढणारा हमेशा वजनदार पाहिजे."

"मंग चढावर?" मी विचारलं.

"चढावर ताकदवान पाहिजे."

"आणि सपाटीवर?"

"सपाटीवर कायबी चालतंय," भुजंग म्हणाला आणि माझा गोंधळ उलट वाढला. (हसनाबादचा रस्ता सपाट किती आणि चढाचा किती, हे अकरा वर्षं जावई असूनही मला ठाऊक नव्हतं.)

कुणी म्हणालं, आधी ट्रेलरचं वजन काढा. मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक हमाल ट्रेलरभोवती फिरला, पत्र्यावर थाप मारली आणि "बारा पोती" म्हणाला. दुसरा म्हणाला पंधरा. तिसऱ्यानं आत जाऊन दोन उड्या मारल्या, वीस सांगितली आणि पलंगावर झोपून गेला. मी वहीत तिन्ही आकडे लिहिले, सरासरी काढली, आणि त्या सरासरीचं पुढं काय करायचं ते मला कळेना.

तेवढ्यात, निघायच्या आदल्या दिवशी, हसनाबादचा कडूबा भेटला. मच्छिंद्रच्या शेजारचाच तो. वरातीसाठी पांढरी बैलजोडी घेऊन बाजारातून परत निघाला होता. म्हणाला, "जावाईबापू, कायला ह्यो खर्चा? माझी जोडी मोकळीच चाल्लीय. पहाटं जुपू, सांजच्याला पोचवतो बराबर."

मी हसलो. अगदी मोठ्यानं हसलो, हेही सांगून टाकतो. "कडूबा, हा ट्रेलर आहे. याला मशिनरी लागते." तो बिचारा बैल हाकत मोंढ्यातल्या मुक्कामाला गेला.

शेवटी भुजंगचाच ट्रक ठरला. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत जड, हॉर्न असा की म्हशी बुजाव्यात. ट्रकच्या मागं आकडा होता, त्यावर ट्रेलरच्या दांडीची कडी बसली. कडी निसटू नये म्हणून वरून खीळ घालतात, ती खीळ मात्र ऑफिसात सापडेना.

"खीळ कायला?" भुजंग म्हणाला. "दांडीचं वजन हाय न्हवं? आपसूक दाबून बसतंय."

एवढ्या जड ट्रकचा मालक बोलतोय म्हटल्यावर मी मान डोलावली.

निघायच्या दुपारी ट्रेलरमध्ये बेबीनंदा, माझ्या थोरल्या भावाची बायको केशरबाई, पाच चुलत जावा आणि रुखवताच्या पेट्या असा ऐवज बसला. माझे थोरले बंधू अप्पाराव गावाकडून आले होते. तीस वर्षं शेती केलेला माणूस. ते म्हणाले, "वसंता, तू फुडं बस. मी ट्रकात मागं बसतो, कडीवर नजर ठिवतो." मला केवढा धीर आला! अप्पाराव ट्रकच्या मागच्या बाजूला पोत्यावर, ट्रेलरकडं तोंड करून बसले.

आता इथं काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. ट्रेलरच्या पुढच्या खिडकीसमोर अप्पाराव. खिडकीच्या आत सहा धाकट्या जावा. थोरले दीर समोर टक लावून बसलेत म्हटल्यावर सहाही जणींनी पदर घेतले. पण वैशाखातली दुपार, पत्र्याची खोली, किती वेळ डोकं झाकून बसणार? वाटेतलं राजूर गाव मागं पडल्यावर एकेक जण उठून मागच्या खिडकीपाशी सरकली. त्यांनी रुखवताच्या पेट्याही बसायला मागं ओढल्या. केशरबाईला दिराचा प्रश्न नव्हता, पण एकटी पुढं बसून काय करील? तीही गप्पांसाठी मागं गेली. इकडं अप्पारावांना वाटलं, आपल्यामुळं लेकी-सुना अवघडल्या. मोठा मर्यादेचा माणूस! त्यांनी सरळ ट्रेलरकडं पाठ केली.

हसनाबाद कोस-दीड कोसावर राहिलं तेव्हा चढ लागला. ट्रक हळू झाला, आणि मागून बायकांचा कल्ला ऐकू आला.

"गाणी म्हणून राह्यल्या," भुजंग म्हणाला.

"हौसच आहे मोठी," मी म्हणालो. मला खरंच फार बरं वाटलं.

आणि ट्रक एकदम भरधाव सुटला. भुजंगनं स्टेअरिंगवर थाप मारली. "पाह्यलं का? वझं हाय का न्हाई ते कळंना गेलंय! याला म्हनत्यात ताकद!"

मी वहीत लिहिलं, "वाहनाची निवड अचूक."

हसनाबादच्या वेशीत वाजंत्री तयार होती. भुजंगनं हॉर्न देत ट्रक गल्लीत घातला आणि थेट मांडवाच्या तोंडाशी नेऊन उभा केला. मी रुबाबात उतरलो. मच्छिंद्रनं गळाभेट घेतली आणि विचारलं, "दाजी, अक्का कुठाय?"

"मागं आहे," मी म्हणालो.

सगळे मागं गेले. तिथं नुसता आकडा होता. वर पोत्यावर अप्पाराव गावाकडं तोंड करून बसले होते.

मच्छिंद्रचा चेहरा बघवेना. "हळदीची येळ झाली, दाजी! पोरगी पाटावर बसलीय! माझी बहीण कुठं टाकली तुम्ही?" आत नवरी रडायला लागली. आत्या नाही तर हळद नाही, म्हणून हटूनच बसली.

ट्रक वळवायचा म्हटलं तर मागं पाहुण्यांच्या गाड्यांनी गल्ली गच्च. मग मांडवात चर्चा सुरू झाली. ट्रॅक्टर पाठवावा की जीप? ट्रॅक्टर जड, पण जीप जल्दी. एकानं मला विचारलं, "ट्रेलरचं वजन किती म्हणायचं?" आणि काय सांगू, मी खिशातून वही काढली. सरासरी सांगितली. तासभर आम्ही तिथंच उभे.

तेवढ्यात वेशीकडून घुंगरांचा आवाज आला. पांढरी बैलजोडी, तिच्यामागं डुलत येणारी बिऱ्हाडगाडी, पुढच्या खिडकीत सात चेहरे आणि दांडीवर कडूबा. आता मात्र खरोखर गाणी चालली होती.

बेबीनंदा उतरली. पदराला धक्का नव्हता. तिनं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, तडक आत गेली आणि भाचीला हळद लावली. मी ओसरीच्या खांबाला टेकून डोळे पुसले. (हळदीचा हात डोळ्याला लागला, असं मी सांगितलं. मला हळद कुणी लावली नव्हती.)

कडूबा मच्छिंद्रला सांगत होता, "बैलांना पाणी पाजून मी मागून येत व्हतो, तं वाटंत ही गाडी उलाळ झालती! समदं वझं मागं, मंग दांडी वर उठंल न्हाईतर काय? शेपूट भुईला टेकून उभी होती चढावर. बायांना म्हणलं, समद्याजणींनी मागं बसू नगा, फुडं या. जू बांधलं अन् निघालो."

अप्पारावांनी कपाळावर हात मारला. कल्ला त्यांनाही गाण्यांचाच वाटला होता. गाडी उलाळ होते हे त्यांना कळत नव्हतं थोडंच, पण पाठीला डोळे कुठून आणणार? मी तर शेतकऱ्याचाच पोरगा. पण माझी सगळी चौकशी ओढणाऱ्याची झाली होती, आत बसणाऱ्यांची नाही.

लग्न झोकात झालं. बाया बिऱ्हाडगाडीत राहिल्या. माझी सोय कडब्याच्या खोलीत झाली. शेळी अजून होती आणि तिला माझा कोटही आवडला.

परत निघताना बेबीनंदानं ट्रककडं बोट करून सांगितलं, "ह्यो रिकामा जाऊ द्या." कडूबानं जोडी जुंपली आणि एकेकीला जागा नेमून दिली. केशरबाई पुढं, पेट्या मधी, धाकट्या दोघी मागं. अप्पाराव दांडीपाशी.

"आणि मी?" मी विचारलं. "माझं वजन कुठं योग्य?"

कडूबानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग चाकांवरची बरोबर मधली जागा दाखवली.

"जावाईबापू, तुमी हितं बसा. हितं बसलेल्या माणसाचा गाडीला उपेग बी न्हाई आन् तरास बी न्हाई."

"घरीबी तिथंच बसत्यात," आतून बेबीनंदा म्हणाली.