भिंगरावांचं जॅझ मिक्स

"ताई, संगीताची चिंता तू सोड! पार्टी संपली तरी लोक हॉलमधून हलणार नाहीत, असं काही वाजवतो की नाही बघ!"

फोनवर छाती फुगवून हे बोलले ते भिंगराव. चष्म्याचं दुकान चालवतात म्हणून सगळे त्यांना भिंगराव म्हणत. दुकानाबाहेरचा त्यांचा सगळा जीव जुन्या जॅझ रेकॉर्डमध्ये अडकलेला. थोरल्या बहिणीची पन्नाशी थाटात साजरी व्हायची होती, आणि आजवर त्यांच्या रेकॉर्डना अडगळ म्हणणाऱ्या ताईनं आपणहून त्यांना संगीत सांभाळायला सांगितलं होतं! भिंगरावांना आभाळ ठेंगणं झालं.

"अगं, हिपहॉपवाले काय करतात माहीत आहे का?" त्यांनी बायकोला समजावलं. "जुन्या जॅझ रेकॉर्डमधला चिमूटभर तुकडा उचलतात, तोच गरागरा फिरवतात आणि वर आपलं बोलणं बसवतात. मी त्या मूळ रेकॉर्डच एकापुढे एक जोडणार. तरुण पोरं ओळखून उड्या मारतील, म्हातारे माना डोलावतील! फक्त एक मिक्सर आणावा लागेल."

"घरात एक धडधाकट मिक्सर असताना दुसरा कशाला?"

"तो नव्हे गं! आवाजाचा!"

"आपला आवाजाचाच आहे. शेजारची बाई भिंत वाजवते रोज."

अखेर आवाजाचा मिक्सर आला, मित्राकडून दुसरा रेकॉर्ड प्लेअर आला, मध्येमध्ये दोन शब्द बोलायला माइकही आला. टेबलावर रेकॉर्डची चळत रचल्यावर माइकला जागा उरली नाही, म्हणून तो खिडकीत गेला. "माझ्या लाडक्या ताईसाठी..." असं घसा साफ करून बोलून झालं, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरूच होतं, भिंगरावांनी कानांवर हेडफोन चढवले आणि सुई टेकवली. हेडफोनमध्ये ऐकू येत होती फक्त पुढची रेकॉर्ड. डोळे मिटलेले, मान डोलतेय, बोटं बटणांवर. माइक मात्र बंद करायचा राहिला.

आता या घरात मोबाइलला रेंज मिळायची ती नेमकी त्या खिडकीत. आणि बायकोच्या आईचा फोन नेमका तेव्हाच आला. भिंगरावांच्या पाठीमागून बायको पावलं न वाजवता आली, खिडकीला टेकली आणि नवऱ्याच्या कामात व्यत्यय नको म्हणून अगदी हळू बोलली. माइकच्या तोंडाशी.

मिक्स पुरं झाल्यावर भिंगरावांनी सुरुवातीचा भाग तिला ऐकवला. ती "वा!" म्हणाली. पुढचं ऐकायची गरजच काय!

पार्टीच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. ताईचं सगळं ऑफिस आलं होतं. केकवर पाचाचा आणि शून्याचा असे दोन साखरेचे आकडे दिमाखात उभे होते. ड्रम सुरू झाले, सॅक्सोफोननं तान घेतली आणि ताईचा मुलगा ओरडलाच, "मामा! हा तुकडा हिपहॉपमध्ये कितीदा ऐकलाय! मूळ इथलं होय?" तो धावत येऊन मामाच्या गळ्यात पडला. ताई पाहुण्यांना सांगत होती, "माझा भाऊ हो!" भिंगराव जमिनीपासून वीतभर वर चालू लागले.

तेवढ्यात एका संथ, गहिऱ्या बासवर बाईचा आवाज उमटला.

"नाही गं आई, हे इथंच आहेत. पण कानांवर ते डबडं आहे. तोफ डागली तरी कळायचं नाही!"

लोकांना वाटलं, ही काही नवी पद्धत असेल. भिंगरावांच्या बायकोच्या हातातला पेला मात्र वाटेतच थांबला.

"पन्नाशी म्हणे! पन्नास कसली, त्रेपन्न! हे स्वतःच म्हणाले!"

ताईनं सावकाश मान वळवली आणि भावाकडे असं पाहिलं की त्याच्या दुकानातली जाडातली जाड काचसुद्धा तडकली असती. भिंगराव लॅपटॉपकडे झेपावले. पडद्यावर पासवर्डची चौकट! अक्षरं दिसेनात, आणि या चष्मेवाल्याचा स्वतःचा चष्मा कोटाच्या कुठल्या खिशात होता कोण जाणे! शेवटी दिसेल ती वायर धरून त्यांनी उपटली.

दिवे गेले. स्पीकर बॅटरीवर होता.

"भाऊजींना तर पत्ताच नाही म्हणे!" काळोखात आवाज आणखीच खणखणीत झाला.

"मला पत्ता आहे," अंधारातून ताईच्या नवऱ्याचा शांत आवाज आला.

"काय?" ही ताई. "कधीपासून?"

"लग्नापासून. तू विचारलं नाहीस, मी बोललो नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. स्पीकर बोलतच होता.

"पण काही म्हण आई, मी दवाखान्यात होते तेव्हा बाकीचे फुलं ठेवून गेले. वन्सं रोज येऊन माझे केस विंचरायच्या. अशा माणसानं खुशाल दहा वर्षं चोरावीत! माझी काही तक्रार नाही."

नुसता बास वाजत राहिला. मग आवाज पुन्हा आला, "हे ना? बसलेत तबकड्या फिरवत. कोण ऐकणार आहे देव जाणे. मी आपली 'वा' म्हणते!"

पहिलं हसू फुटलं ते ताईचं. मग हॉलच कोसळला. दिवे आले तेव्हा भिंगरावांची बायको पडद्याआड सापडली. ताईनं तिला हाताला धरून बाहेर ओढलं. ती "वन्सं, मी..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"गप गं. केस विस्कटलेत तुझे," म्हणत ताईनं तिची बट कानामागे सारली. मग केकवरचं शून्य उचलून तोंडात टाकलं आणि त्या जागी बोटानं क्रीमचा तीन काढला. भाच्यानं तर कमालच केली! 'पन्नास कसली, त्रेपन्न' एवढाच तुकडा उचलला, ड्रमवर बसवला आणि गरागरा फिरवला. सगळं ऑफिस त्यावर घाम निघेपर्यंत नाचलं. सगळ्यांत पुढे ताई!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तिचा फोन आला. "अरे, सगळे तुझं मिक्स मागताहेत! कालपासून नुसती रांग लागलीय!"

भिंगरावांनी पुसायला घेतलेला चष्मा खाली ठेवला. "खरंच, ताई?"

"अगदी खरं! फक्त एवढं कर. तिच्या बोलण्याच्या मागे ते सारखं काहीतरी पों-पों वाजतंय ना, तेवढं काढून देता येईल का? शब्द नीट ऐकू येत नाहीत रे!"